मंगळाच्या वाटेवरचे यान: विश्वासार्ह कल्पनाचित्र कसे शोधावे, कसे वाचावे

१. ज्याचा फोटो नाही, त्याचे चित्र

माणसांना घेऊन मंगळाकडे जाणारे यान दिसेल तरी कसे? तारांगणातला कार्यक्रम पाहून आलेली मुले हा प्रश्न विचारतात. विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठा, कात्री आणि डिंक घेऊन बसलेले विद्यार्थीही तोच विचारतात. रत्नागिरीत तो पडायला कारणेही आहेत. शहरात माळनाक्याला बाळासाहेब ठाकरे तारांगण आहे, गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात खगोल अभ्यास केंद्र आहे आणि जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतल्या निवडक विद्यार्थ्यांना इस्रो आणि नासा दाखवण्याचा उपक्रम राबवला आहे. मोबाइलवर शोधले तर चित्रे ढिगाने मिळतात. एकात टोकदार रुपेरी अग्निबाण असतो, दुसऱ्यात फिरते प्रचंड चाक, तर तिसऱ्यात लांबलचक लोखंडी सांगाड्याला टांगलेल्या टाक्या. ही सगळी एकाच कामाची याने असतील, तर ती एकमेकांसारखी का दिसत नाहीत?

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: असे यान अजून कोणी बांधलेलेच नाही. चंद्राच्या परिसरापलीकडे माणूस गेलेला नाही. मंगळावर आजवर उतरली ती सगळी यंत्रेच. म्हणून मंगळाकडे निघालेल्या समानव यानाचे प्रत्येक चित्र हे कल्पनाचित्रच असते. मात्र सगळ्या कल्पना सारख्या तोलाच्या नसतात. काही चित्रांच्या मागे इंधनाचा, उष्णतेचा आणि वजनाचा हिशेब असतो, तर काहींच्या मागे फक्त डोळ्यांना सुखावण्याचा हेतू. पहिल्या प्रकारची चित्रे शोधता यावीत आणि दुसऱ्या प्रकारातून वेगळी काढता यावीत, एवढ्यासाठी थोडी माहिती पुरते. ती भौतिकशास्त्राच्या पदवीएवढी अवघड नाही.

२. इंधनाचे गणित चित्रात कुठे दिसते?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून काही दिवसांसाठी खोल समुद्रात निघणारी लाँच आधी डिझेल भरते, बर्फ भरते, पिण्याचे पाणी आणि खलाशांचा शिधा घेते. तांडेल जाण्यापुरते डिझेल मोजत नाही. परतीचे धरतो, वर वादळवाऱ्यासाठी थोडे राखून ठेवतो. मंगळयात्रेचा हिशेब असाच सुरू होतो, पण लवकरच कठोर होतो. लाँच डिझेल जाळते आणि पंख्याने समुद्राचे पाणी मागे ढकलते. यानाभोवती ढकलायला काहीच नसते. मागे फेकायचा पदार्थही बरोबरच न्यावा लागतो. तो पदार्थ वाहून नेण्यासाठी आणखी पदार्थ लागतो, आणि त्यासाठी आणखी.

छोटे उदाहरण घेऊ. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाला मंगळाच्या मार्गावर ढकलायला वेगात सेकंदाला साधारण ४ किलोमीटरची भर घालावी लागते. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जाळणाऱ्या चांगल्या इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. टाक्यांचे वजन सोडून दिले, तर १०० टनांच्या यानाला एवढ्या एकाच ढकलणीसाठी जवळजवळ १५० टन इंधन आणि ऑक्सिजन लागतो. मंगळाजवळ थांबण्याचा आणि परत निघण्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

दुसरा मार्ग अणुऔष्णिक इंजिनाचा. त्यात काही जळत नाही. अणुभट्टीच्या उष्णतेने हायड्रोजन तापवून तो मागे सोडतात, आणि त्याचा वेग रासायनिक इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सेकंदाला ८.८ किलोमीटरच्या आसपास मिळू शकतो. मग त्याच १०० टनांसाठी सुमारे ५७ टन हायड्रोजन पुरतो. फायदा मोठा आहे, पण चित्रकारासाठी त्यात एक खोच आहे. द्रव हायड्रोजन फार हलका असतो. उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवला तरी एका घनमीटरमध्ये तो जेमतेम ७१ किलो मावतो. त्याच जागेत पाणी १,००० किलो मावते. ५७ टन हायड्रोजनला म्हणून सुमारे ८०० घनमीटर जागा हवी. टाकीचा व्यास ८ मीटर धरला तर तिची लांबी १६ मीटर होते. रासायनिक यानाच्या १५० टनांना मात्र ४०० घनमीटरच्या आसपास जागा पुरते, कारण त्यातला बराचसा भाग दाट द्रव ऑक्सिजनचा असतो. अणुऔष्णिक यानाचे इंधन वजनाला कमी, पण टाक्या आकाराने मोठ्या. ज्या चित्रात अणुइंजिन आहे आणि टाक्या मात्र चिमुकल्या, त्या चित्राच्या मागे हिशेब झालेला नाही.

यानाच्या वजनात मोठा वाटा इंधनाचाच असतो, याचा आपल्याकडचा पुरावाही आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचलेले इस्रोचे मंगळयान उड्डाणाच्या वेळी १,३३७ किलोचे होते. त्यात ८५२ किलो इंधनच होते, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. त्यात माणूस नव्हता, परत यायचे नव्हते, उतरायचेही नव्हते. तरी ही स्थिती. म्हणून जवळच्या भविष्यातल्या समानव यानाचे खरेखुरे चित्र पाहताना नजर आधी टाक्यांवर जायला हवी. यान म्हणजे मुख्यतः टाक्याच. माणसांची खोली एका टोकाला, आकाराने लहान.

३. उष्णता टाकणारी पाती

चित्रांत सर्वाधिक विसरला जाणारा भाग कोणता असेल, तर रेडिएटर. यानातली यंत्रे, संगणक आणि माणसांची शरीरे सतत उष्णता निर्माण करतात. पृथ्वीवर वारा ती वाहून नेतो. अंतराळात हवा नाही, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो: रुंद पृष्ठभागावरून ती अवरक्त किरणांच्या रूपात सोडून देणे. हे काम करणाऱ्या पात्यांना रेडिएटर म्हणतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या कोणत्याही फोटोत तपकिरी-सोनेरी सौर पॅनेलांशेजारी पांढरी, घडीची पाती दिसतात. तेच रेडिएटर.

पाते किती मोठे हवे हे त्याच्या तापमानावर ठरते. २७ अंश सेल्सिअसला असलेले पाते एका चौरस मीटरच्या एका बाजूने चारशे वॉटच्या थोडी वर उष्णता सोडते. यानातून १०० किलोवॉट उष्णता टाकायची असेल तर अंदाजे २४० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर १२० चौरस मीटरचे पाते पुरते. पाते अधिक तापवता आले तर ते झपाट्याने लहान करता येते. निरपेक्ष शून्यापासून मोजलेले तापमान दुप्पट केले की सोडली जाणारी उष्णता १६ पट होते. अणुभट्टीची पाती माणसांच्या खोलीच्या पात्यांपेक्षा खूप जास्त गरम ठेवतात, ती यामुळेच.

इथे दोन प्रकारच्या अणुयानांत गल्लत होते. अणुऔष्णिक यानाची भट्टी एका वेळी थोडाच काळ जोरात चालते आणि तिची बहुतेक उष्णता बाहेर पडणाऱ्या हायड्रोजनबरोबरच निघून जाते. त्याला अवाढव्य रेडिएटर लागत नाहीत. अणुविद्युत यानात मात्र भट्टी महिनोन्‌महिने वीज बनवते, त्या विजेवर आयन इंजिने चालतात आणि वाया जाणारी उष्णता सतत पात्यांवरूनच टाकावी लागते. अशा यानाच्या चित्रात रेडिएटर हा सगळ्यात मोठा भाग असायला हवा. बऱ्याचदा तो त्रिकोणी काढलेला असतो आणि त्याचे निमुळते टोक भट्टीकडे असते. हा आकार शोभेसाठी नसतो. भट्टी आणि माणसे यांच्यामध्ये जाड ढाल ठेवतात आणि तिच्या मागे किरणोत्सारापासून सुरक्षित असा शंकूच्या आकाराचा पट्टा तयार होतो. पाते त्या शंकूच्या बाहेर गेले तर त्यावर आदळलेले किरण विखरून माणसांपर्यंत पोहोचतील. एखाद्या चित्रात हा त्रिकोण दिसला की चित्रकाराच्या शेजारी कोणी अभियंता बसला होता असे खुशाल समजावे.

स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटाची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. त्यातले 'डिस्कव्हरी' यान आजही उत्तम कल्पनाचित्रांत गणले जाते. नासाच्या प्रकल्पांवर काम केलेले हॅरी लँग आणि फ्रेडरिक ऑर्डवे त्याच्या रचनेत होते. सुरुवातीच्या आराखड्यांत त्याला मोठे रेडिएटर होते. प्रेक्षकांना ते पंख वाटतील आणि हवा नसताना पंख कशाला असा प्रश्न पडेल, म्हणून ते काढून टाकले. सर्वांत काळजीने काढलेल्या यानातूनही सर्वांत गरजेचा भाग गेला. रेडिएटर नसलेली याने चित्रांत इतकी सर्रास का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे: चांगल्या नमुन्याची नक्कल करताना त्यातली उणीवही उतरली.

४. वीज, वजन आणि किरण

सौर पॅनेल असतील तर त्यांचा आकार कुठे जायचे त्यावर ठरतो. मंगळ सूर्यापासून पृथ्वीच्या दीडपट दूर आहे, म्हणून तिथे सूर्यप्रकाश पृथ्वीजवळच्या प्रकाशाच्या सुमारे ४३ टक्केच मिळतो. मंगळयानाची पॅनेले तिथे ८४० वॉट देतील अशी आखली होती. गुरूजवळ प्रकाश चार टक्क्यांच्याही खाली जातो. २०११ मध्ये निघालेल्या नासाच्या 'जूनो' या निर्मनुष्य यानाला म्हणूनच सुमारे ९ मीटर लांबीची तीन पॅनेले लागली, आणि गुरूजवळ त्यांतून जेमतेम ५०० वॉटच्या आसपास वीज मिळाली. गुरूकडे निघालेले समानव यान दोन छोट्या सौर पॅनेलांवर चालताना दाखवले असेल तर ते चित्र बाजूला ठेवावे.

फिरते चाक हा चित्रकारांचा लाडका विषय. वजनरहित अवस्थेत महिने काढले की हाडे आणि स्नायू क्षीण होतात. यानाचा एखादा भाग गोल फिरवला की आतल्या माणसाला पाय जमिनीवर दाबल्यासारखे वाटते. अडचण वेगाची आहे. चाक लहान असेल तर ते जलद फिरवावे लागते, आणि जलद फिरणाऱ्या खोलीत डोके वळवले की गरगरते. मिनिटाला दोन फेऱ्या बहुतेकांना सोसतात असे धरले, तर पृथ्वीइतके वजन जाणवायला केंद्रापासून सुमारे २२४ मीटर अंतर हवे. मंगळाइतक्या वजनावर भागवायचे तर ८५ मीटर. मिनिटाला चार फेऱ्या चालतील असे मानले तर हेच आकडे ५६ आणि २१ मीटरवर येतात. चित्रात पाच-सहा मीटर त्रिज्येचा फिरता पिंप आणि आत पृथ्वीवरच्यासारखी रमतगमत चालणारी माणसे दाखवली असतील, तर त्या माणसांना मिनिटाला बारा-तेरा फेऱ्या बसत आहेत.

चाकाशिवायही उपाय आहेत. रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या 'मार्स डायरेक्ट' योजनेत माणसांची खोली आणि अग्निबाणाचा रिकामा टप्पा एका लांब दोराने बांधून एकमेकांभोवती फिरवायची कल्पना होती. २०११ मध्ये नासाच्या मार्क होल्डरमन आणि एडवर्ड हेंडरसन यांनी मांडलेल्या 'नॉटिलस-एक्स'मध्ये फुगवून तयार होणारे फिरते कडे होते. पुष्कळ अधिकृत आराखड्यांत मात्र फिरणारे काहीच नसते. अंतराळ स्थानकावर माणसे सहा महिने आणि त्याहून जास्त राहतात, रोज दोनेक तास व्यायाम करतात, आणि तेवढ्यावर मंगळापर्यंतचा प्रवास निभेल असे अनेक अभियंते मानतात. फिरते चाक नाही म्हणून चित्र खोटे ठरत नाही. उलट जवळच्या भविष्यातल्या यानासाठी साधा, न फिरणारा नळकांडीसारखा निवास हाच अधिक संभवनीय दिसतो.

किरणांचा प्रश्न चित्रात सहसा दिसत नाही, तरी तो निवासाची रचना ठरवतो. 'क्युरिऑसिटी' ही बग्गी २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना तिच्यावरच्या उपकरणाने वाटेतले प्रारण मोजले. ते दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट भरले. पृथ्वीवर सर्वसाधारण माणसाला निसर्गातून वर्षभरात दोन-तीन मिलिसिव्हर्ट मिळतात. वाटेतल्या प्रारणात सौरवादळांची भर पडू शकते, म्हणून नीट विचार केलेल्या आराखड्यात निवासाच्या मधोमध पाण्याच्या आणि अन्नाच्या साठ्याने वेढलेली छोटी आश्रयाची खोली असते. यानाचे काप काढून आतले दाखवणाऱ्या चित्रांत ती शोधावी. मोठमोठ्या काचांच्या खिडक्या आणि त्यांतून मंगळाकडे पाहणारे अंतराळवीर हे दृश्य मन वेधून घेते खरे, पण खिडकी म्हणजे वजन, गळतीची भीती आणि किरणांना वाट. खऱ्या आराखड्यांत खिडक्या थोड्या आणि लहान असतात.

५. चित्राला तारीख असते

अचूक चित्रसुद्धा जुने होते, आणि हे त्याच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण आहे. १९५२ ते १९५४ या काळात अमेरिकेच्या 'कॉलियर्स' साप्ताहिकात अंतराळप्रवासावर लेखमाला आली. त्यातली चित्रे चेस्ली बोनस्टेल, फ्रेड फ्रीमन आणि रॉल्फ क्लेप यांची होती, तर हिशेब मुख्यतः अग्निबाणतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांचा. फॉन ब्राउन यांनी आपल्या मंगळयोजनेत १० याने आणि ७० माणसे धरली होती. मंगळावर उतरण्यासाठी भल्यामोठ्या पंखांची विमाने होती, कारण मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ८ टक्के असावा असा तेव्हाचा अंदाज होता. एवढ्या हवेत रुंद पंख चालले असते. जुलै १९६५ मध्ये 'मरिनर ४' मंगळाजवळून गेले आणि दाब एका टक्क्याहूनही कमी असल्याचे कळले. त्यानंतरच्या चित्रांतून पंख गेले. त्यांची जागा बोथट उष्णतारोधक ढालींनी, हवाछत्र्यांनी आणि खाली तोंड केलेल्या इंजिनांनी घेतली. बोनस्टेलची ती चित्रे आज मंगळाविषयी चुकीची ठरली, पण १९५० च्या दशकातल्या ज्ञानाला ती चोख धरून होती. म्हणून चित्राखालचे साल न वाचता त्याला खरे किंवा खोटे म्हणू नये.

अणुइंजिनांच्या चित्रांचेही तसेच. १९६० च्या दशकात अमेरिकेत 'नर्व्हा' प्रकल्पात अशी इंजिने जमिनीवर चालवून पाहिली होती. ऑगस्ट १९६९ मध्ये फॉन ब्राउन यांनी प्रत्येकी सहा माणसांची दोन याने १९८१ मध्ये मंगळाकडे पाठवायची योजना मांडली, ती याच इंजिनांच्या भरवशावर. १९७३ मध्ये प्रकल्प बंद झाला. त्या काळातली लांब, पांढऱ्या, शेजारी शेजारी बांधलेल्या टाक्यांची चित्रे मात्र आजही अभ्यासण्यासारखी आहेत.

अलीकडचे उदाहरण स्पेसएक्सचे आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा इथे इलॉन मस्क यांनी दाखवलेल्या यानाचा व्यास १२ मीटर होता. ते कार्बन तंतूंचे होते आणि मागून गोलाकार उलगडणारी सौर पॅनेले त्याला होती. वर्षभरात व्यास ९ मीटरवर आला. २०१८ च्या अखेरीला कार्बन तंतू सोडून स्टेनलेस स्टील घेतले गेले, आणि आज टेक्सासमधून उडवले जाणारे 'स्टारशिप' त्या पहिल्या चित्रापेक्षा निराळेच दिसते. तरी २०१६ ची चित्रे 'मंगळावर जाणारे यान' म्हणून अजून फिरतात. 'स्टारशिप'ला पंखांसारख्या झडपा आणि उष्णतारोधक फरशा आहेत, कारण तेच यान मंगळाच्या हवेतून खाली उतरायचे आहे. कक्षेत जोडले जाणारे आणि कधीच न उतरणारे यान असते तर त्याला टोकदार नाकाची काहीच गरज नव्हती. टोकदार नाक दिसले की हे यान हवेतून जाणार आहे का, असा प्रश्न चित्राला विचारावा.

६. एक चित्र टोकापासून टोकापर्यंत

नासाने २००९ मध्ये मंगळमोहिमेचा एक तपशीलवार संदर्भ-आराखडा प्रसिद्ध केला. 'डिझाइन रेफरन्स आर्किटेक्चर ५.०' हे त्याचे नाव. त्यातल्या अणुऔष्णिक समानव यानाचे चित्र नवशिक्याने वाचायला फार चांगले आहे.

यान सुमारे ९७ मीटर लांब आणि साडेतीनशे टनांच्या आसपास वजनाचे आहे. मागच्या टोकाला तीन अणुइंजिने आहेत. त्यांच्या पुढे हायड्रोजनची मोठी टाकी, तिच्या पुढे दुसरी. त्यानंतर एका उघड्या सांगाड्यात बसवलेली टाकी येते. ती रिकामी झाली की टाकून द्यायची आहे, म्हणून तिच्याभोवतीचा सांगाडा एका बाजूने उघडा ठेवलेला आहे. ही एक रेघ पाहिली तरी चित्रामागचा विचार कळतो. पुढे राखीव अन्नाचा डबा. मंगळावर उतरता आले नाही तर सगळा काळ कक्षेतच काढावा लागेल आणि तेव्हा ते अन्न लागेल. उतरणे जमले तर डबा परतीच्या आधी सोडून द्यायचा. मग सहा माणसांचा निवास, त्याला सौर पॅनेले, आणि अगदी पुढच्या टोकाला पृथ्वीवर परत उतरायची छोटी कुपी. भट्टी एका टोकाला, माणसे दुसऱ्या टोकाला, मधे हायड्रोजन. अंतर आणि हायड्रोजन ही दोन्ही किरणोत्सारापासून संरक्षणे आहेत. यानाची लांबी त्यामुळे आहे.

ही मोहीम जवळजवळ ९०० दिवसांची आहे, त्यातले सुमारे ५०० दिवस मंगळावर. पृथ्वी आणि मंगळ यांची सोयीची स्थिती साधारण २६ महिन्यांनी येते, म्हणून लगेच परतता येत नाही. माणशी रोज अन्न वेष्टनासह १.८ किलो धरले तर सहा जणांना ९०० दिवसांसाठी पावणेदहा टन लागते. पाणी मात्र बरेचसे पुन्हा वापरता येते. अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. साठवणीला जागाच न ठेवलेल्या ऐसपैस, रिकाम्या दालनांची चित्रे या हिशेबापुढे टिकत नाहीत.

७. शोधायचे कुठे?

सुरुवात चित्रांच्या शोधयंत्रापासून न करता अहवालांपासून केलेली बरी. नासाचे तांत्रिक अहवाल इंटरनेटवर विनामूल्य मिळतात आणि बहुतेकांत आकृत्या असतात. इंग्रजीत 'मार्स ट्रान्सफर व्हेईकल', 'ट्रान्झिट हॅबिटॅट', 'न्यूक्लिअर थर्मल प्रोपल्शन', 'न्यूक्लिअर इलेक्ट्रिक प्रोपल्शन' हे शब्द टाकावेत. नुसते 'स्पेसशिप' टाकले तर चित्रपट आणि व्हिडिओ गेमच समोर येतात. इतिहास एकत्र पाहायचा तर डेव्हिड पोर्ट्री यांचे 'ह्युमन्स टू मार्स' हे नासाने २००१ मध्ये काढलेले पुस्तक वाचावे. १९५० ते २००० या काळातल्या मंगळयोजना त्यात क्रमाने आहेत, आणि तेही विनामूल्य आहे. चित्रकारांच्या नावाने शोधणेही फलदायी ठरते: बोनस्टेल, रॉबर्ट मॅकॉल, आणि नासासाठी पुष्कळ काम केलेले पॅट रॉलिंग्ज.

सापडलेल्या चित्राखाली तीन गोष्टी पाहाव्यात: कोणी काढले, कोणत्या साली, आणि कोणत्या अभ्यासासाठी. तिसऱ्याचे उत्तर मिळाले तर चित्र हिशेबाशी जोडता येते. एकाचेही उत्तर नसेल तर ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले असण्याची शक्यता आता बरीच आहे. अशा चित्रांत नळ्या कुठूनही निघून कुठेच जात नाहीत, जोडणीच्या दारापुढे जोडायला जागा नसते, दोन बाजूंची पॅनेले निरनिराळ्या संख्येची असतात आणि यान किती मोठे आहे हे सांगणारी एकही खूण नसते. पृथ्वी आणि मंगळ दोन्ही एकाच चौकटीत थाळीएवढे दिसत असतील तर ते चित्र मुखपृष्ठासाठी केलेले आहे. मंगळ जवळात जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर दूर असतो.

नासाने स्वतः तयार केलेली चित्रे शैक्षणिक कामासाठी श्रेय देऊन सहसा मोकळेपणी वापरता येतात. खासगी कंपन्यांच्या आणि स्वतंत्र चित्रकारांच्या चित्रांना ती मोकळीक नसते. शाळेच्या भित्तिपत्रकावरही चित्रकाराचे नाव लिहिणे योग्य.

भारतीय यानाचे असे चित्र शोधणाऱ्याची थोडी निराशा होईल. इस्रोची जाहीर उद्दिष्टे गगनयान, २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस अशी आहेत. मंगळाकडे माणूस नेणाऱ्या भारतीय यानाचे म्हणून जे काही दिसते, त्यामागे जाहीर झालेला आराखडा नाही. मंगळयान, गगनयान आणि नियोजित स्थानक यांच्या आकृत्या मात्र उपलब्ध आहेत, आणि स्वतःचे यान आखायला त्या चांगला आधार देतात.

८. स्वतः काढायचे तर

प्रतिकृती करताना किंवा चित्र काढताना प्रमाण आधी ठरवावे. १ः२०० हे प्रमाण घेतले तर ९७ मीटरचे यान साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटरचे होते आणि शाळेच्या टेबलावर मावते. ८ मीटर व्यासाची टाकी ४ सेंटिमीटरची होईल. १.७ मीटर उंचीचा अंतराळवीर साडेआठ मिलिमीटरचा, आणि एक मीटर रुंदीचे जोडणीचे दार ५ मिलिमीटरचे. हा अंतराळवीर सांगाड्याशेजारी काढला की यानाचा आकार पाहणाऱ्याला लगेच कळतो. त्यानंतर टाक्या, मग इंजिने, मग निवास, रेडिएटर आणि पॅनेले, आणि शेवटी पृथ्वीकडे तोंड केलेली ॲन्टेना, या क्रमाने काढावे. रेडिएटर पॅनेलांना काटकोनात ठेवावेत, कारण पॅनेलांनी सूर्याकडे पाहायचे असते आणि रेडिएटरने सूर्य टाळायचा असतो. चालू इंजिनामागे लांब, झगझगीत ज्वाळा काढू नये. हायड्रोजनचा झोत निर्वातात पसरतो आणि जवळजवळ दिसत नाही.